माझा माणूस आला

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न अगदी साधा आहे. इतका साधा, की तुम्हाला वाटेल बाई तयारी न करताच उभ्या राहिल्या. प्रश्न असा — माणूस आपल्या शेजारी बसलाय, म्हणजे तो आपल्या सोबत आहे का?

हसू नका! तुम्ही आत्ता असेच बसलायत — मांडीला मांडी लावून. त्या खांबापाशी बसलेल्या काकू — हो, तुम्हीच! तुमच्या डाव्या हाताला कोण बसलंय, न बघता सांगा बरं! — नाही ना सांगता येत? मग आता बघू नका. शेवटी बघायचंय. तोवर मान सरळ.

आपण देवळात येतो कशाला? दर्शनाला. दर्शन म्हणजे काय हो? बघणं! त्यात आणखी काही दडलेलं नाही. गर्दीत टाचा उंच करून आपण देवाला बघतो. आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा उंच केल्या, त्याचं तोंड कसं होतं, ते घरी गेल्यावर आठवत नाही. देवाला हे दिसत असणार. तो काही बोलत नाही, हा त्याचा मोठेपणा आहे.

यावर एक आख्यान सांगते. पुराणातलं नाही. पुराणातली माणसं मोठी, त्यांची भांडणंही मोठी, त्यात राज्यं गेली. आमच्या आख्यानातलं भांडण दशमीवरून झालं. दशमी म्हणजे तिथी नव्हे — खायची दशमी! पेटीवाले, सूर द्या. फार करुण नको. साधा द्या.

तर एका गावात — गावाचं नाव सांगणार नाही, पुढच्या महिन्यात तिथं माझं कीर्तन आहे — एक ज्येष्ठ नागरिक संघ होता. संघाचं काम एकच. सहल! दर महिन्याला एक. द्राक्षाच्या बागेत झाली, फुलांच्या पठारावर झाली, धरणावर झाली. धरणाचं फाटक बंद होतं, तर फाटक बघून आले. एकदा तर नुसता नवा उड्डाणपूल बघायला गेले! बसनं पूल पार केला, पलीकडे भेळ खाल्ली, पुन्हा पूल पार करून घरी. आणि आठवडाभर बोलणं काय? पूल!

तुम्हाला गंमत वाटते. पण त्या बसमधल्या काही काकू अशा, की लग्न होऊन सासरी आल्या तोच त्यांचा मोठा प्रवास. पुढं आयुष्यभर कुणाचं आजारपण, कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा. आता सत्तरी गाठल्यावर खिडकीशी बसायला मिळालं. बसू द्या ना! मला तर त्यांच्या पुलाचा हेवा वाटतो.

संघाच्या अध्यक्ष होत्या कुमुदताई शेटे. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टर. जन्मभर माणसांना सुया टोचलेल्या, त्यामुळे त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांनी सहलीला एक नियम घातला होता. आता नीट ऐका, पुढचं सगळं या नियमावर आहे!

आधी काय व्हायचं? बस सुटताना ताई एकेकाचं नाव पुकारायच्या, ज्यानं त्यानं "आलो" म्हणायचं. संघात एक अप्पा होते, कानानं कमी. ते आपले प्रत्येक नावाला "आलो, आलो!" म्हणायचे. प्रेमानं! एकदा त्यांनी एका आजींच्या नावालाही "आलो" म्हटलं, आणि आजी राहिल्या देवळाच्या नळावर पाय धूत. तेव्हापासून ताईंनी नियम केला — स्वतःचं उत्तर स्वतः द्यायचं नाही! प्रत्येकाला एक जोडीदार. ताई विचारणार, आणि तुम्ही जोडीदाराकडे बघून सांगायचं, "माझा माणूस आला." मग गाडी हलणार.

आणि नवरा-बायकोची जोडी करायची नाही! का? कुमुदताई म्हणाल्या, "ती दोघं न बघताच सांगतात. चाळीस वर्षांत बघायची सवय गेलेली असते."

— मागे कोण एवढं हसलं? एकटेच आलात वाटतं आज.

तर या संघात एक जोडी होती, तिच्यावर सगळ्यांचा जीव. एक भास्करराव माळवदे. एस.टी. स्थानकात कंट्रोलर होते. शिट्टी वाजवून गाड्या सोडण्यात जन्म गेला. दुसरे विनायकराव बिडकर. शाळेत चित्रकलेचे मास्तर. पोरांना एकच सांगायचे, "आधी बघा, मग काढा!" दोघं बसमध्ये शेजारी. बिडकर खिडकीशी, माळवदे कडेला. माळवदे एकटे, बायको वारलेली. ती गेल्यावर या माणसानं काय करावं? शेजारणींना विचारून विचारून स्वयंपाक शिकला! आणि एका सहलीला दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या स्वतःच्या हातानं करून आणल्या. बसमध्ये डबा उघडला, सगळ्यांना एकेक दिली.

बिडकरांनी घास घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! पण माळवदे, वहिनींच्या हाताची सर नाही हो!"

बस हसली. माळवदे पण हसले. डबा मिटला. आणि त्या दिवसापासून बिडकरांशी बोलायचे बंद झाले.

बिडकरांना कळेचना! "मी काय वाईट बोललो? वहिनींचं कौतुकच केलं की!" चूक नव्हतीच ना मंडळी बोलण्यात? शब्द अन् शब्द खरा! पण तो माणूस पहाटे उठून, बायकोच्या पोळपाटावर, तिला डोळ्यांपुढं ठेवून दशम्या लाटत होता. त्याला ठाऊक नव्हतं का सर नाही ते? त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

चार दिवसांनी बिडकरांनाही राग आला. "मोठा शहाणा लागून गेला! मीही बोलणार नाही." झालं! पण जोडी मात्र मोडायची नाही. कुमुदताईंना सांगायला कोण जाणार? मग सहलीमागून सहल दोघं शेजारी बसतायत, मध्ये माळवद्यांची मोठी पिशवी. ताई विचारायच्या, "बिडकर, तुमचा माणूस?" बिडकर खिडकीबाहेर बघत — "आला." "माळवदे, तुमचा?" माळवदे छताकडे बघत — "आला." बघायचं कुणी नाही! बघितलं तर कमीपणा.

असे दिवस चालले असताना, थंडीत सहल निघाली. आधी डोंगरावरच्या देवीचं दर्शन, मग एका शेतावर हुरडा.

देवीपुढं दोघं शेजारी उभे. हात जोडलेले. बिडकरांनी मागितलं, "आई, याला सुबुद्धी दे." माळवद्यांनी मागितलं, "आई, याला सुबुद्धी दे." देवीला एकाच वेळी, एकाच जागेवरून, एकच मागणं! तिनं काय करावं? तिनं दोघांचंही ऐकून ठेवलं.

मग हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजतायत, हातावर चोळून गरम दाणे, बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही — अहो, मला सांगताना सुचेना झालंय! आगटी एकच. तिच्याभोवती बिडकर बसलेले, म्हणून माळवदे बसले लांब, बाभळीखाली. कुणी बोलावलं की म्हणायचे, "आत्ताच खाल्लं." खोटं! पोटात काही नाही. आणि मंडळी, माळवद्यांना साखरेचा आजार. सकाळची गोळी घेतलेली. गोळी घेतली आणि खाल्लं नाही, तर साखर खाली जाते, घाम फुटतो, माणूस बसल्या जागी कोसळतो. रुसायचं होतं तर रुसावं, पण खाऊन रुसावं ना! जवळ पिशवीत स्वतःच्या दशम्या होत्या. त्या दिवसापासून दर सहलीला करून आणायचे. पण उघडायचे नाहीत. तशाच घरी न्यायचे.

खाणं झालं. बिडकरांच्या डोळ्यांत धूर गेला होता. त्यांनी हौदावर चष्मा काढला, काठावर ठेवला, तोंड धुतलं, आणि चष्मा विसरून फाट्याशी उभ्या असलेल्या बसकडे निघाले. दिसत नाही ते धुरानं, असंच त्यांना वाटत होतं. चष्म्याशिवाय त्यांना माणूस आणि म्हैस यांतला फरक हलल्यावर कळायचा. बाकं चाचपडत चाचपडत ते खिडकीशी जाऊन बसले.

माळवदे आधीच येऊन बसलेले होते. त्यांनी बघितलं! हो — बघितलं! बोलायचं नाही, छताकडे बघायचं, पण याच्या नाकावर चष्मा नाही हे त्यांना याच्या आधी कळलं. आता साधी गोष्ट काय? "अहो बिडकर, चष्मा राहिला." संपलं! पण ते बोलायचं कसं? अबोला आहे ना!

मग त्या माणसानं काय केलं? एस.टी.तली जन्माची सवय! जागा धरायला पिशवी सीटवर उभी केली, तिच्यावर आपली माकडटोपी चढवली, भोवती शाल गुंडाळली. आणि मुकाट्यानं उतरून गेला. कुमुदताई तेव्हा आगटीपाशी होत्या. एक काका खिशात हुरडा भरत होते, त्यांचा खिसा रिकामा करून घेत होत्या.

माळवदे हौदावर आले, तर चष्मा नाही! शेताच्या मालकीणबाईंनी तो उचलून घरात नेऊन ठेवला होता. त्या गेल्या होत्या गोठ्यात धारा काढायला. "थांबा दादा, एवढी म्हैस होऊ दे." आता म्हशीला काय घाई?

इकडे सगळे बसमध्ये चढले. ताईंनी पुकारा सुरू केला. "बिडकर, तुमचा माणूस?"

बिडकरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बघितलं म्हणजे काय? टोपी दिसली, शाल दिसली. ताठ बसलंय, बोलत नाही. माळवदेच! दुसरं कोण असणार?

"आला!"

ताई पुढच्या बाकाकडे जाता जाता म्हणाल्या, "माळवदे, तुमचा?" उत्तर नाही. ताईंना वाटलं, आज रुसवा जास्त आहे. दोघांना एकदमच एकेक सुई द्यायला पाहिजे. पुढूनच मान वळवून त्यांनी खिडकीतले बिडकर स्वतःच बघितले, शेजारी टोपी-शाल दिसलीच, आणि शिट्टी मारली. गाडी सुटली!

मंडळी, जन्मभर ज्यानं शिट्टी मारून दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, तो चष्मा हातात घेऊन शेतातून धावतोय, आणि त्याची गाडी धूळ उडवत चालली. फोन पिशवीत. औषध पिशवीत. दशम्या पिशवीत. आणि पिशवी टोपी घालून खिडकीपासून दुसऱ्या सीटवर!

आता बसमध्ये काय चाललंय? भजन सुरू झालं. ऊन कललं. बिडकरांना बाहेर काही दिसेना, म्हणून ते आतलं बघायला लागले. त्यांना आपलं वाईट वाटायला लागलं. देवीनं ऐकून ठेवलेलं अर्धं मागणं आता पुरं केलं असावं. खिडकीकडेच तोंड ठेवून ते हळू आवाजात म्हणाले,

"माळवदे, आज हुरड्याला तुम्ही आला नाहीत. मला घास गोड लागला नाही."

उत्तर नाही.

"मी त्या दिवशी बोलायला नको होतं. आमच्या घरी मला चहासुद्धा करता येत नाही. ही उद्या गेली, तर मी उपाशी मरेन. तुम्ही सकाळी उठून आमच्यासाठी करून आणलंत, आणि मी मास्तरकी केली. त्या दशम्या चांगल्या होत्या हो. वहिनींच्या नव्हत्या, तुमच्या होत्या. चुकलं माझं."

काय बोलला बघा माणूस! मला आख्यान सांगताना दर वेळी इथं थांबावं लागतं. जन्मात पहिल्यांदा बिडकर कुणाला "चुकलं" म्हणाले होते. आणि समोरून काय? काही नाही!

"माळवदे, ऐकताय ना?"

काही नाही.

आता बिडकर तापले. "अहो, पाया पडू का आता? माणूस एवढं बोलतोय, तर हूं की चूं नाही! एवढा माज!"

आणि नेमका तेव्हा, मंडळी, रस्त्यावर गतिरोधक आला! गाडी उडाली. माळवद्यांची मान पुढं झाली. डोकं खाली पडलं! घसरत पुढच्या बाकाखाली गेलं!

बिडकर किंचाळले, "अहो, माळवदे गेले!"

बस थांबली. कुमुदताई धावत आल्या. शाल ओढली. आत पिशवी. पिशवीतून खडीसाखरेची डबी घरंगळली, औषधं पडली, फोन पडला. ताईंचा चेहरा उतरला. सिस्टर त्या, त्यांना सगळं एका नजरेत कळलं. "कोणी पाहिलं होतं का हो त्यांना खाताना?" कोणी पाहिलं नव्हतं. ताई बिडकरांकडे वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्ही 'आला' म्हणालात."

तुमच्याआमच्यापैकी कुणाला असं वाक्य ऐकायची वेळ येऊ नये. बिडकरांनी सांडलेलं सगळं चाचपडत पिशवीत भरलं.

गाडी वळवली. येताना भजनं म्हणत आलेल्या बसमध्ये आता एकही टाळ वाजेना. बिडकर ड्रायव्हरजवळ दांड्याला धरून उभे. पोटाशी ती पिशवी. डोळे बारीक करून समोर बघतायत, दिसत काहीच नाही. प्रत्येक झाडाला विचारतायत, "तेच का? तेच का?" म्हणतायत, "मी अख्ख्या गावाच्या पोरांना बघायला शिकवलं, आणि पिशवीला माणूस म्हणालो!" ताई म्हणाल्या, "मास्तर, बसा. पडाल." बसले नाहीत.

फाट्याशी, शेताची वाट रस्त्याला मिळते तिथं, मैलाच्या दगडावर माळवदे बसलेले. अंधारून आलेलं. मान खाली. हलत नव्हते.

बिडकर उतरले. पायरी दिसली नाही, गुडघ्यावर पडले, उठले. चाचपडत त्या दगडाशी गेले. हात लावला. हात गार, घामेजलेला. "माळवदे... अहो भास्करराव..."

— पेटीवाले, सूर बंद करा. इथं नको.

माळवद्यांनी मान वर केली. पुटपुटले, "गाडी लेट आहे."

ताईंनी तोंडात खडीसाखर घातली. पाणी पाजलं. जरा वेळानं चेहऱ्यावर रंग आला. बिडकर रागावले होते की रडत होते, सांगता येत नाही. म्हणाले, "शेतावर जाऊन बसायचं! दूध प्यायचं! इथं उघड्यावर कशाला बसलात?"

माळवदे म्हणाले, "गाडी जिथं सुटली, तिथंच माणसानं थांबायचं असतं. शोधायला येणारा तिथंच येतो." मग त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडली. आत चष्मा. धोतराच्या सोग्यानं पुसून लख्ख केलेला! "हौदावर राहिला होता," म्हणाले. कित्येक महिन्यांनंतर बिडकरांकडे बघून बोललेलं पहिलं वाक्य.

बिडकरांनी चष्मा घातला. आणि मंडळी, त्यांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! गालफडं बसलेली. सदऱ्याचं एक बटण भलत्याच रंगाचं, स्वतःच लावलेलं. हातावर तव्याचा चटका. हे सगळं त्यांच्या शेजारी बसून प्रवास करत होतं आणि यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

बसमध्ये बसले. कुमुदताईंनी पहिल्यापासून पुकारा घेतला. बिडकरांची पाळी आली. "मास्तर, तुमचा माणूस?" बिडकर पूर्ण वळले, बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. ताई थांबल्या. गाडी थांबली. अख्खी बस थांबली. तिसऱ्या खेपेला कसंबसं आलं — "माझा माणूस आला!"

मग बिडकरांनी पिशवी उघडली, विचारलंसुद्धा नाही, डबा काढला, एक दशमी माळवद्यांच्या हातात दिली, एक आपल्या तोंडात घातली. माळवद्यांनी चावून बघितली. म्हणाले, "कडक झालीये."

बिडकर म्हणाले, "हो. सकाळी मऊ होती, तेव्हा तुम्ही दिली नाहीत."

बराच वेळ दोघं चावत बसले. मग माळवदे म्हणाले, "मास्तर, त्या दिवशीचं तुम्ही काही बोलला नाहीत अजून."

"बोललो मी! सगळं बोललो! माफीसुद्धा मागितली!"

"कधी?"

"तुमच्या पिशवीला विचारा!"

आणि माळवदे हसले हो! टोपी तोंडावर धरून हसले. मग टोपी काढून म्हणाले, "पिशवीला कमी ऐकू येतं. पुन्हा सांगा."

बिडकरांनी सांगितलं. या वेळी खिडकीकडे बघून नाही. काय सांगितलं, ते मी पुन्हा म्हणत नाही, तुम्ही मघाशी ऐकलंत. पिशवीला सांगताना सोपं गेलं होतं. माणसाकडे बघून सांगताना घरी पोहोचेपर्यंत वेळ लागला.

तर मंडळी, आपण काय करतो? माफी मागतो — फोटोपुढं! प्रेम सांगतो — तेराव्याला! पिशव्यांना सांगतो आपण सगळं. पिशवी बरी असते. ती उलटून बोलत नाही.

आता मी सांगितलेलं आठवतं? मान सरळ ठेवायला सांगितली होती. आता वळवा! सगळ्यांनी! ते पहिल्या रांगेतले आजोबा, तुम्हीही. ध्यान पुरे. शेजारच्याकडे बघा. वरवर नको. दोन घटका बघा. कुणी ओळखीचं निघेल. कुणी घरचंच निघेल. आणि कुणी असंही असेल, ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, आणि आज गर्दीत नाइलाजानं शेजारी जागा मिळाली. तेही माझ्या लक्षात आलंय. इथून मला सगळं दिसतं. तेवढ्यासाठीच तर कीर्तनकाराला उभं करतात!

खांबापाशीच्या काकू, बघितलंत ना? कोण आहे? — थोरल्या जाऊबाई! बोलत नाही म्हणता? किती दिवस झाले ते सांगू नका, मला ते ऐकायचं नाही. त्यांचा हात धरा. नाही, माझ्याकडे बघू नका. त्यांच्याकडे बघा.

पेटीवाले, आता द्या सूर. पण आरती लगेच नको. इथं कुमुदताई नाहीत, तर पुकारा मी घेते. देव समोर उभा आहे, तो कुठं जात नाही. आज त्याच्याकडे पाठ झाली तरी चालेल. सगळ्यांनी शेजारच्याकडे बघून, मोठ्यानं, एकदा म्हणा —

माझा माणूस आला!

काकू, तुमचा आवाज आला नाही. घ्या वेळ. आम्ही थांबलोय.